निळ्या पट्ट्यातला प्रलय : एका इतिहास-भित्तिपटाचे परीक्षण

सारंगखेड्याच्या यात्रेत पुस्तकांच्या एका पालावरून आमच्या गावच्या वाचनालयासाठी यंदा जगाच्या इतिहासाचा एक मोठा भित्तिपट घेतला. शहादा-नंदुरबारकडच्या अनेक शाळा आणि वाचनालये असे पट विकत घेतात, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले. प्रकाशकाचे नाव मी येथे देत नाही. याच धर्तीचे पट निरनिराळ्या नावांनी मिळतात आणि माझे म्हणणे मुख्यतः त्यातील मांडणीविषयी आहे.

वस्तू म्हणून पट उत्तम आहे. जाड कागदाला कापडाचे अस्तर लावलेले असल्यामुळे तो गुंडाळताना चिरत नाही. वरखाली लाकडी दांड्या आहेत आणि अक्षर इतके मोठे व स्वच्छ आहे की चार हात दूर बसलेल्या वाचकालाही मुख्य नोंदी वाचता येतात. इजिप्त, सुमेर व अक्कड, सिंधू खोरे, चीन, क्रीट आणि कनान असे उभे रकाने शेजारीशेजारी असून डावीकडे इसवी सनापूर्वीची वर्षे उतरत्या क्रमाने दिली आहेत, त्यामुळे गिझाचा मोठा पिरॅमिड बांधला जात असताना सिंधूकाठी काय चालले होते हे एका नजरेत कळते. पाठ्यपुस्तकात प्रत्येक संस्कृतीचा धडा वेगळा असतो आणि विद्यार्थ्यांच्या डोक्यातही त्या वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. त्यांना एका काळरेषेवर आणणे हे या पटाचे खरे काम आहे आणि ते त्याने चांगले केले आहे. मराठीही सुबोध आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले पहिल्याच आठवड्यात त्याभोवती जमू लागली.

आक्षेप आहे तो पटाच्या वरच्या तिसऱ्या भागात सर्व रकान्यांना छेदत जाणाऱ्या एका निळ्या पट्ट्याला. त्यावर 'जगद्व्यापी जलप्रलय, इ.स.पू. २३४८' असे छापले आहे. पट्ट्याच्या डाव्या टोकाला बायबलातील नोहाचे तारू आहे, उजव्या टोकाला मत्स्याच्या शिंगाला बांधलेली मनूची नौका आहे, आणि सोबतच्या पुस्तिकेत असे म्हटले आहे की जगातील सर्व लोकांना ज्या एका महापुराची आठवण आहे तो याच वर्षी आला. इतर नोंदींच्या शेजारी 'सुमारे' हा शब्द आवर्जून छापणाऱ्या पटाने नेमकी ही एकच नोंद 'सुमारे'शिवाय छापावी, हे मला फार गंभीर वाटते, कारण भिंतीवर टांगलेला पट वाद घालत नाही आणि शंकाही मांडत नाही. तो जे दाखवतो ते मुलांच्या मनात तसेच बसते.

हे २३४८ वर्ष आले कुठून, हे पुस्तिकेने सांगायला हवे होते. आयर्लंडमधील आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कालगणनेतून ते घेतले आहे. हिब्रू बायबलातील आदिपुरुषांची वये, कोणाला कितव्या वर्षी पुत्र झाला याच्या नोंदी आणि नंतरच्या राजांच्या कारकिर्दी यांची बेरीज करीत अशर मागे गेले. सृष्टीची उत्पत्ती त्यांनी इ.स.पू. ४००४ मध्ये आणि जलप्रलय २३४८ मध्ये धरला. ते मोठे विद्वान होते आणि त्यांच्या काळात उपलब्ध असलेली सर्व लिखित साधने त्यांनी वापरली होती, याबद्दल आदरच वाटतो. परंतु बायबलाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात त्याच पुरुषांची वये निराळी दिली आहेत आणि ती धरली तर प्रलयाचे वर्ष कित्येक शतके मागे जाते. म्हणजे धर्मग्रंथाच्याच दोन प्राचीन पाठांत एकमत नसलेली संख्या पटाने एका वर्षावर ठोकून बसवली आहे.

आता पटाचाच आधार घेऊन हा पट्टा तपासू. इजिप्तच्या रकान्यात खूफू राजाचा, म्हणजे गिझाचा मोठा, पिरॅमिड सुमारे इ.स.पू. २५६० येथे, म्हणजे पट्ट्याच्या वर, योग्य जागी दाखवला आहे. या पिरॅमिडच्या बांधकामाविषयी आता कल्पनेवर विसंबून राहावे लागत नाही. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे २०१३ मध्ये पपायरसचे लेख सापडले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाने आपल्या टोळीबरोबर तुरा येथील खाणीतील चुनखडीचे चिरे नावेतून गिझाला कसे नेले याची रोजनिशी आहे. तेथून खाली उतरत आपण पाचव्या घराण्याचा शेवटचा राजा उनास याच्यापर्यंत येतो, आणि नेमका येथेच निळा पट्टा येतो. पट्ट्याच्या खाली पुढचा राजा तेती उभा आहे. नोहाच्या कथेप्रमाणे साऱ्या मानवजातीतून त्याच्या कुटुंबातली आठच माणसे वाचली असतील, तर उनास आणि तेती यांच्यात सर्व काही तुटायला हवे होते : भाषा, लिपी, दफनाची रीत, देवांची नावे, सारे काही. प्रत्यक्षात दोघांचे पिरॅमिड सक्कारा या एकाच दफनभूमीत आहेत, उनासच्या दफनकक्षाच्या भिंतींवर जे मंत्र प्रथम कोरले गेले त्यांतले अनेक तेतीच्याही भिंतींवर आहेत, आणि तेतीचा वजीर कागेम्नी आपल्या थडग्यातील लेखात आधीच्या राजांच्या, उनासच्याही, सेवेत असल्याचे सांगतो. एकच माणूस पट्ट्याच्या वरही नोकरीत आहे आणि खालीही.

येथे कोणी म्हणेल की इजिप्तची वर्षे काही दशकांनी मागेपुढे होतात. होतात, हे खरे आहे. पण त्याने पट्ट्याची अडचण दूर होत नाही, कारण पहिल्या घराण्यापासून सहाव्यापर्यंत कुठेही तो सरकवला तरी त्याला बसायला फट मिळत नाही. पुस्तिकेत एक तोड सुचवली आहे : इतिहासकारांनी इजिप्तचा काळ विनाकारण ताणून लांब केला आहे आणि तो आखडून घेतला की सर्व राजे प्रलयानंतर बसतात. हा युक्तिवाद तपासण्याजोगा आहे आणि तो तपासलाही गेला आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या रेडिओकार्बन अभ्यासात (अवशेषातील किरणोत्सारी कार्बनवरून त्याचे वय काढण्याची ही पद्धत) बिया, टोपल्या, गवत अशा अल्पायुषी वनस्पतींचे, इजिप्तमधील थडग्यांतून संग्रहालयांत आलेले दोनशेहून अधिक नमुने तपासले गेले. पायऱ्यांच्या पिरॅमिडचा कर्ता राजा जोसेर इ.स.पू. २६९१ ते २६२५ यांदरम्यान गादीवर आला, असा त्यातून निष्कर्ष निघाला. राजांच्या याद्यांवरून इतिहासकार आधीच जे सांगत होते त्याला प्रयोगशाळेने वेगळ्या वाटेने येऊन दुजोरा दिला. पुस्तिका पुन्हा छापताना हा परिच्छेद काढून टाकला पाहिजे.

सुमेर-अक्कडच्या रकान्यात घोटाळा आणखी ठळक दिसतो. पट्ट्याच्या लगेच खाली अक्कडचा सारगोन, सुमारे इ.स.पू. २३३४, असे छापले आहे. दोन्ही आकडे पटाचेच आहेत आणि त्यांच्यात चौदा वर्षांचे अंतर आहे. चौदा वर्षांत एका कुटुंबातून शहरे, कालवे, कारकून, कर आणि अनेक नगरराज्ये जिंकणारे सैन्य उभे राहणार कसे, हा प्रश्न आमच्या वाचनालयातील नववीच्या एका मुलीने पटासमोर उभी राहून विचारला. तिला मी तेथल्या तेथे सांगितले की तिची शंका बरोबर आहे आणि पटाची मांडणी चुकीची आहे.

तरीही महापुराची लिखित कथा सर्वांत जुन्या रूपात मिळते ती याच रकान्यात, आणि पटाने त्याची दखल पुरेशी घेतली नाही याची मला खंत वाटते. अत्राहसीसच्या बाबिलोनी काव्यात आणि पुढे गिल्गमेश महाकाव्याच्या अकराव्या मृत्तिकापट्टिकेत देव पूर पाठवतात, एका माणसाला आधी सूचना मिळते, तो नाव बांधतो, आणि गिल्गमेशच्या पट्टिकेत पाणी ओसरल्याची खूण पाहण्यासाठी पक्षीही सोडतो. ही अकरावी पट्टिका जॉर्ज स्मिथ यांनी वाचून १८७२ मध्ये लंडनमध्ये जाहीर केली, तेव्हा बायबलच्या अभ्यासकांत मोठी खळबळ उडाली होती. सुमेरच्या राजावलीत पुरापूर्वीचे राजे हजारो वर्षे राज्य करतात, मग 'पुराने सारे धुऊन नेले' अशी नोंद येते आणि राजपद किश नगरात उतरते. तैग्रिस व युफ्रेटिस यांच्या सपाट मैदानात राहणाऱ्या लोकांना सर्वनाश करणारा पूर म्हणजे काय हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते.

पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वुली यांना १९२९ च्या सुमारास सुमेरमधील ऊर नगराच्या उत्खननात अकरा फुटांपर्यंत जाडीचा स्वच्छ गाळाचा थर लागला, आणि त्याच्या वर व खाली मानवी वस्तीचे अवशेष होते. हाच तो प्रलय, असे त्यांना वाटले आणि पटानेही त्याचे चित्र दिले आहे. मात्र पुढचा भाग पट सांगत नाही. ऊर येथीलच सर्व चरांत तो थर मिळाला नाही. शुरुप्पक येथील पुराचा थर सुमारे इ.स.पू. २९०० चा आहे, ऊरचा त्याच्या कितीतरी आधीचा आहे, आणि किशमधील थर पुन्हा वेगळ्या काळांतले आहेत. म्हणजे एका महापुराच्या जागी अनेक शतकांतले निरनिराळे स्थानिक पूर हाती येतात. शुरुप्पक हे सुमेरी कथेतील नायक झियुसुद्राचे नगर मानले जाते. तेथील एखाद्या भीषण पुराची आठवण कथेच्या मुळाशी असू शकते, आणि मला ही शक्यता कथेचे महत्त्व वाढवणारी वाटते.

पूर जमिनीत कसा ओळखतात, हे खानदेशातल्या वाचकाला परकी उदाहरणे न देताही समजावता येते. आपल्याकडे जुन्या गावाच्या टेकाडाला पांढरी म्हणतात आणि तिची माती शेतकरी खत म्हणून गाड्या भरून नेत आले आहेत. त्या मातीत राख, खापऱ्या, हाडे, जळालेले दाणे आणि चुलीची भाजलेली माती मिसळलेली असते, कारण ती माणसांच्या राहण्याने साचलेली असते. तापी, गिरणा किंवा पांझरा पात्र सोडून बाहेर आल्यावर जो गाळ मागे टाकतात तो याहून अगदी वेगळा असतो : बारीक, सारख्या कणांचा, थराथरांचा आणि बहुधा खापऱ्यांविना. नदीकाठची दरड जेथे उभी कापली गेली आहे तेथे वाळू, गोटे, पोयटा आणि चुनखडीचे खडे यांचे थर एकावर एक दिसतात. प्रत्येक थर पाण्याच्या वेगळ्या वेगाची आणि वेगळ्या काळाची नोंद असतो. पाणी थांबून जमीन कोरडी पडल्याशिवाय मातीत चुनखडीचे खडे धरत नाहीत, त्यामुळे असे थर पुन्हापुन्हा आढळणे म्हणजे पूर आणि उघडीप यांची लांबलचक मालिका. सगळी पृथ्वी एकाच वर्षी बुडाली असती तर तापीच्या, नाईलच्या आणि युफ्रेटिसच्या काठी एकाच काळाचा, वस्ती तोडणारा थर मिळायला हवा होता. तसा थर मिळत नाही. १९६८ आणि २००६ मध्ये तापीने सुरतेत काय केले हे ज्यांना माहीत आहे, त्यांना पुराची ताकद कमी लेखायला मी सांगणार नाही. परंतु ते पूर तापीचे होते आणि त्यांचा गाळ तापीच्याच खोऱ्यात आहे.

पट्ट्याने दाखवलेल्या काळाच्या जवळपास जगभर एक मोठी घडामोड झाली, हे मात्र खरे आहे, आणि पट तिच्याविषयी गप्प आहे. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी अनेक प्रदेशांत पाऊस दीर्घकाळ घटला. मेघालयातील मॉम्लू गुहेतील चुनखडीच्या लवणस्तंभात त्याची नोंद इतकी स्पष्ट आहे की २०१८ मध्ये भूशास्त्रज्ञांनी तेथपासून सुरू होणाऱ्या कालखंडाला मेघालयन हे नाव दिले. इजिप्तचे 'जुने राज्य' (मोठे पिरॅमिड बांधणाऱ्या राजांचा काळ) आणि अक्कडचे साम्राज्य यांच्या पतनात या अवर्षणाचा किती वाटा होता याविषयी संशोधकांत मतभेद आहेत, पण नोंद आहे ती कोरडेपणाची. अवर्षणाचे दुःख जाणणाऱ्या आपल्या जिल्ह्यांतील मुलांना ही माहिती पटावर मिळाली असती तर किती चांगले झाले असते. आणि आणखी एक साक्षीदार अजून जिवंत उभा आहे : कॅलिफोर्नियातील व्हाइट पर्वतरांगेत ब्रिसलकोन जातीचे एक पाइन झाड आहे, ज्याच्या वार्षिक कड्या एडमंड शुलमन यांनी १९५७ मध्ये मोजल्या आणि ज्याचे वय आज ४,८०० वर्षांहून अधिक आहे. पट्ट्यातल्या वर्षी ते काही शतकांचे झालेले होते, आणि वर्षभर पाण्याखाली राहून जगणारे हे झाड नाही.

पट्ट्याच्या उजव्या टोकाविषयी मला अधिक तळमळीने लिहायचे आहे, कारण तेथे आपल्या परंपरेला तिने कधी न मागितलेली जागा देण्यात आली आहे. शतपथ ब्राह्मणात मनूला हात धुण्याच्या पाण्यात एक लहान मासा सापडतो, तो त्याला वाढवतो, मासा पुराची सूचना देतो आणि शेवटी नौका उत्तरेच्या पर्वतावर पोहोचवतो. महाभारताच्या वनपर्वात आणि मत्स्यपुराणात ती कथा विस्तारते. या कथेला २३४८ हे वर्ष कोणत्याही ग्रंथाने दिलेले नाही. आपण पूजेच्या संकल्पात 'वैवस्वत मन्वंतरे अष्टाविंशतितमे युगचतुष्के कलियुगे प्रथम चरणे' असे म्हणतो, त्या हिशेबाने चालू मन्वंतराचा आरंभच सुमारे बारा कोटी वर्षांमागे जातो. शिवाय पुराणांतला प्रलय पुन्हापुन्हा येणारा आहे. तो कल्पांताशी जोडलेला आहे, एका राजाच्या कारकिर्दीशी नाही. म्हणजे मनूची नौका या पट्ट्यात बांधून पटाने इतिहासाला न्याय दिला नाही आणि श्रद्धेलाही दिला नाही. देशोदेशींच्या पूरकथा सारख्या वाटतात हे खरे. परंतु माणसे सर्वत्र नद्यांकाठी राहिली, आणि व्यापारी, प्रवासी व लेखनिक यांच्याबरोबर कथाही फिरल्या, हे त्या साम्याचे पुरेसे कारण आहे.

माझ्या वाचनालयात वारकरी घरांतली मुले येतात, तशी नवापूरकडून शिकायला आलेली ख्रिस्ती घरांतली मुलेही येतात. त्यांतल्या एकाने मला विचारले की मग बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकातली नोहाची गोष्ट खोटी मानायची का. त्याला दिलेले उत्तर येथे लिहितो, कारण पट घेणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. प्राचीन इतिहास आणि जगद्व्यापी प्रलय यांच्यात विरोध आहे का, तर पट्ट्यावर जे छापले आहे, म्हणजे ज्ञात इतिहासातल्या एका वर्षी सर्व पृथ्वी बुडाली, त्याला स्पष्ट विरोध आहे, आणि तो झाकून उपयोग नाही. पण नोहाची कथा वाचणाऱ्या सर्वांनी ती कधीच एका पद्धतीने वाचलेली नाही. अनेक ख्रिस्ती विद्वान तिच्यात एका प्रदेशाचा पूर पाहतात. अनेकजण अन्याय, शिक्षा आणि करार यांविषयीची शिकवण म्हणून ती वाचतात. ज्या भूवैज्ञानिकांनी जागतिक प्रलयाची कल्पना प्रथम मागे घेतली त्यांत धर्मोपदेशकही होते. ॲडम सेजविक यांनी १८३१ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या अध्यक्षपदावरून आपले आधीचे मत जाहीरपणे सोडले, आणि १८२३ मध्ये प्रलयाच्या बाजूने लिहिणाऱ्या विल्यम बकलँड यांनीही १८३६ पर्यंत ते सोडून दिले. दोघेही शेवटपर्यंत चर्चमध्येच राहिले. त्या मुलाची प्रार्थना आणि इतिहासाचा अभ्यास ही दोन्ही चालू राहू शकतात. फक्त एकाचे काम दुसऱ्याच्या गळ्यात बांधता कामा नये.

खरेदीविषयी थोडक्यात सांगतो. किंमत चांगल्या शालेय नकाशाएवढी आहे आणि छपाई पाहता ती योग्य आहे. महाविद्यालयात किंवा समजावून सांगणारा शिक्षक असेल अशा शाळेत हा पट जरूर घ्यावा, निळ्या पट्ट्यासकट घ्यावा, कारण पुराव्याने विधान कसे तपासायचे याचा त्यावर उत्तम पाठ घेता येतो. प्राथमिक शाळेच्या भिंतीवर मात्र तो कोणाच्या देखरेखीशिवाय टांगू नये. आम्ही पट्ट्याच्या कडेला एक कागद चिकटवून त्यावर अशर यांचे नाव, १६५० हे वर्ष आणि उनास, तेती व कागेम्नी यांची नोंद लिहिली आहे. पुस्तिका वेगळी काढून संदर्भाच्या कपाटात ठेवली आहे आणि मागणाऱ्याला ती देतो.

प्रकाशकांना पत्र पाठवून मी दोन सूचना केल्या आहेत. पट्टा काढून त्याऐवजी प्रत्येक रकान्यात त्या त्या भागातील पुराची नोंद तिच्या काळासह द्यावी, ही पहिली. दुसरी सूचना अशी की महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या पटावर तापी खोऱ्याचा एक रकाना असावा. त्यासाठी लागणारी माहिती कधीच प्रसिद्ध झालेली आहे : चाळीसगावजवळच्या पाटणे येथे सापडलेले, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी, तापीकाठच्या सावळदा गावाचे नाव मिळालेली आणि साक्री तालुक्यातील कवठे येथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेली, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची संस्कृती, गिरणाकाठचे बहाळ आणि त्याच्या समोरच्या तीरावरचे टेकवाडे, आणि तापी-गोमाईच्या संगमावरचे प्रकाशे, जेथे १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी केलेल्या उत्खननात सुमारे इ.स.पू. १७०० पासूनच्या वस्तीचे थर एकावर एक मिळाले. हा रकाना घातलेली आवृत्ती निघाली तर वाचनालयासाठी तिची प्रत आम्ही घेऊ, असेही त्या पत्रात लिहिले आहे.